अप्पा म्हणवून घेण्याचं प्लॅनिंग

६ जानेवारी, सोमवार. पहाटे ५.१०
नांदेडच्या घरातली पहिली सकाळ. एकतीस वर्षं मठाचा पूर्णवेळ प्रचारक म्हणून छत्तीसगडात काढली, आता रिटायर. मठाने शाल दिली, श्रीफळ दिलं आणि 'लिंगनिष्ठ' ही पदवी दिली. बायकोने, मल्लम्मानेही माझ्याबरोबर तेवढीच वर्षं सेवा केली, पण बायकांना पदवी द्यायची पद्धत नाही.
घर चांगलं आहे, शिस्त नाही. पाच वाजून गेले तरी सगळे झोपलेले. मी पूजेची घंटा वाजवली. मुलगा शिवकुमार धावत आला, गॅस लीक झाला का म्हणून विचारलं. पोरगा सावध आहे.
पण मुख्य काम वेगळंच. शिवकुमार सात वर्षांचा असताना त्याला लातूरला माझ्या धाकट्या भावाकडे, श्रीशैलकडे ठेवून आम्ही निघालो. आमच्यात बापाला अप्पा म्हणतात. तो श्रीशैललाच अप्पा म्हणायला लागला. लेकरू होतं, चालायचंच. मला तो काहीच म्हणत नाही. 'अहो' म्हणतो, नाहीतर नुसता समोर येऊन उभा राहतो.
टार्गेट: पंधरा दिवसांत त्याच्या तोंडून अप्पा. मी अख्ख्या गावांची दारू सोडवली आहे. हा तर एकटा पोरगा, तोही माझाच.
मल्लम्माला तिचं प्लॅनिंग विचारलं. म्हणाली, कशाचं प्लॅनिंग? असो.

८ जानेवारी, बुधवार
घराचं टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं. सूनबाई मंजुश्रीने वाचलं, लई छान झालंय मामा, म्हणाली आणि वर अक्षराच्या शाळेच्या बसचा कागद चिकटवला. अक्षरा माझी नात, चौथीत आहे. बसचा कागद आकाराने मोठा आहे, त्याला इलाज नाही.
संध्याकाळी शेजारी आले. शिवकुमारने ओळख करून दिली, हे मठात असतात. 'असतात' म्हणाला! म्हणजे त्याच्या मनात मी अजून सेवेतच आहे. आदर आहे, फक्त शब्द सापडत नाही त्याला.

१२ जानेवारी, रविवार
पद्धत नंबर एक: स्वतःच स्वतःला अप्पा म्हणायचं. कानावर पडलं की तोंडात येतं. सगळे बसले असताना मोठ्याने म्हणालो, अप्पांना चहा द्या बरं.
अक्षराने उठून लातूरला व्हिडिओ कॉल लावला. अप्पाआजोबा, तुम्हाला चहा पायजे म्हणं, असं तिने श्रीशैलला सांगितलं. तो स्क्रीनवर हाव हाव करत हसला. सगळे हसले. मीही हसलो. नंतर वीस मिनिटं त्यांचं बोलणं चाललं. माझा चहा राहिलाच.
आणि एक धक्कादायक गोष्ट. दुपारी शिवकुमार मल्लम्माला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणाला! सहा दिवसांत! ती नुसती मेथी निवडत होती. तू काय केलंस, असं मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. म्या काय केलं, तेनं म्हटलं, म्हणाली. काही लोकांचं नशीबच असतं.

१३ जानेवारी, सोमवार
अर्धा तास मेथी निवडली. शिवकुमार दोनदा समोरून गेला. काही नाही. मंजुश्रीने ती परत निवडली.

१५ जानेवारी, बुधवार
रिझल्ट नाही, पण दोष मेथडचा. आता मोठा प्रोग्रॅम घ्यायचा. अक्षराची लिंगदीक्षा, म्हणजे गळ्यात इष्टलिंग बांधायचा विधी! गुरुमहाराज चारचौघांत विचारणारच, मुलीचा आजा कोण? शिवकुमारला सगळ्यांदेखत सांगावंच लागेल, हे माझे अप्पा. एकदा माइकवर म्हटलं की माणूस फिरू शकत नाही.
२ फेब्रुवारी, रविवार पक्का. जेवताना जाहीर केलं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सर्वानुमते मंजूर. पत्रिका मीच लिहिणार.

१७ जानेवारी, शुक्रवार
नागसेनच्या प्रेसवर गेलो. पत्रिकेत 'लिंगनिष्ठ मलप्पा व सौ. मल्लम्मा यांची नात' असं एका ओळीत बसेना, म्हणून 'लिं. मलप्पा' असं केलं. सुटसुटीत. नागसेनने कागद वाचला आणि एकदम आवाज खाली आणून विचारलं, कधी झालं? मी म्हणालो, मागच्याच महिन्यात. त्याने हात जोडले. त्रास तर न्हाई ना झाला शेवटी? मी म्हणालो, छे, शाल वगैरे घालून व्यवस्थित झालं. पोऱ्याला हाक न मारता स्वतः उठून पाणी दिलं त्याने. रिटायर माणसाला हा मान घरात मिळत नाही, बाजारात मिळतो.
प्रूफ तपासलं. 'सौ.' काढून त्याने 'श्रीमती' घातलंय. मॉडर्न दिसतं. राहू दिलं.

२१ जानेवारी, मंगळवार
पत्रिका फॅमिली ग्रुपवर टाकली. दोनशे चौदा मेंबर. भराभर जोडलेले हात आले. तिघांनी तर रडणारे चेहरे पाठवले. नातीचं कौतुक बघा किती! आमची माणसं फार भावुक.

२३ जानेवारी, गुरुवार. सकाळी ११.२०
बसल्या बसल्या लिहितो.
मंजुश्रीला विष्णुपुरीहून, शिवकुमार नोकरीला आहे त्या कॉलेजातून फोन आला. तो लॅबमध्ये असताना कंधारच्या किशनरावांनी, म्हणजे आमच्या मावसभावाने, त्याला कळवलं की अप्पा गेले. तो ढसाढसा रडला आणि तसाच गाडी काढून निघाला. मंजुश्री माझ्याकडं बघत म्हणाली, पण तुम्ही तर हितंच हाव की.
मग तिने पत्रिका नीट बघितली आणि कपाळाला हात लावला. आमच्या सगळ्या लिंगायत समाजात नावापुढं 'लिं.' म्हणजे लिंगैक्य, वारलेला माणूस. मला काय माहीत नाही होय? पण माझ्याच नावापुढं तसं कुणी वाचेल हे डोक्यातच आलं नाही. नागसेनने म्हणूनच मल्लम्माची 'सौ.' काढली.
मंजुश्री त्याला सारखा फोन लावत होती, तो उचलेना. मी म्हणालो, राहू दे. येऊ दे त्याला.
रडला! अप्पा गेले म्हणून रडला! एकतीस वर्षांचं सार्थक झालं. धुतलेलं धोतर नेसलो, विभूती लावली, दारासमोर खुर्ची टाकून बसलो आहे. तो आत येईल, मला जिवंत बघेल, आणि पहिला शब्द कोणता निघेल ते मला माहीत आहे.

११.५०
विष्णुपुरीहून घर वीस-पंचवीस मिनिटं.

१२.४०
पुलावर ट्रॅफिक असेल.

दुपारी १.५०
पंक्चर. जेवायला बोलावलं, गेलो नाही. पोरगं रडत येणार आणि बाप भात कालवत बसलेला, बरं दिसत नाही.

२.३५
श्रीशैलचा फोन. शिवकुमार लातुरात आहे.
किशनराव म्हणाले होते, मलप्पा गेले. लॅबमध्ये मशीन चालू होतं, त्याला 'अप्पा गेले' एवढंच ऐकू आलं. श्रीशैलचा फोन लागेना. मग हा सव्वाशे-दीडशे किलोमीटर गाडी मारत गेला, आणि त्याच्या भांड्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्याच्या गळ्यात पडला. सांगता सांगता श्रीशैलच रडायला लागला. म्हणाला, अण्णा, तुमचं पोरगं लई हळवं आहे. तुमचं म्हणाला.

२.४०
खुर्ची आत घेतली.

२४ जानेवारी, शुक्रवार
शिवकुमार सकाळी परत आला. समोर उभा राहिला. गैरसमज झाला, म्हणाला. मी म्हणालो, होतो कधी कधी.
गप्प बसायचं होतं. पण विचारलंच, मलप्पा गेले असं नीट ऐकू आलं असतं तर? तो म्हणाला, तर मग घरीच आलो असतो की. आत जाता जाता म्हणाला, सावकाश.
पोरगा खोटं बोलत नाही. श्रीशैलने चांगले संस्कार केले आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार
दीक्षा पार पडली. अर्धे पाहुणे मला बघून दचकले. उदगीरच्या एका बाई तर मल्लम्माचे डोळे पुसायला पदर धरूनच आल्या होत्या. मल्लम्माने त्यांना पेढा दिला.
गुरुमहाराजांनी विचारलं, आजा कोण? शिवकुमारने श्रीशैलला हाताला धरून नेऊन बसवलं. श्रीशैल सारखा माझ्याकडं बोट करत होता, ते मी बघितलं. मग शिवकुमारने माझ्यासाठीही एक खुर्ची आणली. माझी खुर्ची जास्त नवी होती.

३ फेब्रुवारी, सोमवार
ठरवलं. मठात परत जायचं. मल्लम्माला म्हणालो, पेटी भर. ती म्हणाली, तुम्ही जावा, मी न्हाई येत आता.
एकतीस वर्षांत ती पहिल्यांदाच न्हाई म्हणाली. मग तिने बसून सगळं सांगितलं. लातूरच्या स्टँडवर आपली बस निघाली तवा पोरगं मागं पळालं. अप्पा, अप्पा करून वरडत हुतं. म्या खिडकीतनं बघून राहिले हुते. तुम्ही प्रवचनाची टिपणं काढत हुता. तेनं एवढ्या हाका मारल्या, तुम्ही एक ओ दिली न्हाई.
मला आठवतं. कुणीतरी ओरडत होतं. मला वाटलं, कंडक्टरला हाक मारतंय.
पेटी भरली नाही, जेवलो नाही. ती आग्रह करायला आली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
आज शिवकुमारला गच्चीवर गाठलं. प्लॅनिंग नव्हतं. हात धरला आणि म्हणालो, मला एकदा अप्पा म्हण. एकदाच. परत मागणार नाही.
तो म्हणाला, तसं म्हणून बघितलं मी. कॉलेजला जाताना, हेल्मेटमध्ये, एकट्यानं. जमत न्हाई ओ. अप्पा म्हटलं की अप्पाच डोळ्यासमोर येतात. त्याचे डोळे भरले. माझ्यामुळे भरले ते पहिल्यांदाच.
मी म्हणालो, राहू दे. पण 'अहो' नको रे. मग काका म्हण. घरात एक बाप झाला की दुसरा काकाच.
तो लगेच म्हणाला, बरं काका.
इतकं सोपं होतं. काका, खाली चला, वारं सुटलंय. काका, स्वेटर घाला. जेवताना म्हणाला, काका, आमटी वाढू? झोपताना म्हणाला, काका, तुमच्या खोलीतला लाइट बंद करू का?
चारदा हाक मारली त्याने. मी चारही वेळा ओ दिली.