रोजची दाढी

आबा,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, तरी दाढी केल्याशिवाय मी अजून न्याहारीला बसत नाही. पलटणीतून सुट्टीवर यायचात तेव्हा परड्यातल्या पेरूला आरसा टांगून आधी तुमची दाढी व्हायची, मग चहा. मला मिसरूड फुटलं तसा मीही त्या आरशापुढे उभा राहू लागलो. एकदा ऊसतोड चालू असताना मी तसाच फडावर आलो, तर सगळ्या टोळीसमोर म्हणालात, "दाढी न करता भाईर पडतो त्यो गडी न्हवं रं." ते मी आजवर पाळलं, आणि त्यापायीच माझा घात होता होता राहिला.

गेली दोन-तीन वर्षं मी नुसता मरगळलो होतो. विश्रामबागेतल्या ऑफिसात दुपारी डोळे मिटायचे, डोकं ठणकायचं, आणि रात्री तुमच्या सुनेकडे पाठ करून झोपायचो. इच्छाच होत नव्हती. हे बोलायचं कुणाशी? जिममधल्या एकानं टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, इंजेक्शनं सुचवली, मी घ्यायलाही निघालो होतो. हिनंच दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, दाढी कमी वाढते का? मी ताठ बसून सांगितलं, रोज करतो. मग कामाचा ताण असेल, असं ते म्हणू लागले. तेवढ्यात ही शेजारून म्हणाली, "रोज करत्यात, पण येतंय काय? एकच पातं म्हैनं न् म्हैनं चालतंय." डॉक्टरांनी मान वर केली. मी खाली घातली.

मग सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, खात्रीसाठी पुन्हा एकदा दिलं. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा कमी. पण ते कशामुळे कमी, हे आधी शोधायचं, असं डॉक्टर म्हणाले. दुसरं एक हार्मोन भलतंच वाढलेलं निघालं, आणि डोक्याच्या एमआरआयमध्ये मेंदूखालच्या ग्रंथीत छोटी गाठ दिसली. कॅन्सरची नाही. ती बहुतेक वेळा गोळ्यांनी आक्रसते आणि बाकीचं हळूहळू सावरतं. नुसती इंजेक्शनं घेत बसलो असतो तर गाठ तशीच राहिली असती. शिवाय त्या इंजेक्शनांनी शुक्रजंतू आणखी कमी होतात, आणि आम्हाला तर मूल हवंय.

घरी येताना गाडीवर ही मागून म्हणाली, "मला वाटायचं, मीच नकोशी झालीया." आबा, मला रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

आता गोळ्या चालू आहेत. डोकं हलकं झालंय, रात्री आम्ही पुन्हा एकमेकांकडे तोंड करून झोपतो. परवा पातं बोथट झालं म्हणून नवं आणलं, तर ही ओठ दाबून हसली. आईला मी थायरॉईड सांगितलंय. मघापासून वाटत होतं, तुम्ही असता तर सगळं पहिलं तुम्हालाच सांगितलं असतं. खोटं आहे ते. तुम्हालाही थायरॉईडच सांगितलं असतं, आणि तेही दाढी करून येऊन.