राखलेली जागा

सोमवार

पोचले एकदाची बेटावर! बोटीतून उतरताना एक चप्पल पाण्यात पडता पडता वाचली, ऊन टाळूवर, कुर्ता घामानं पाठीला चिकटलेला, आणि तरी मला सारखं हसू येत होतं. लग्नानंतर एकटीनं केलेला हा पहिलाच प्रवास. कुणाचा डबा नाही, कुणाची शाळा नाही, कुणाचे मोजे शोधायचे नाहीत.

खोली वरच्या मजल्यावर मिळाली. लोखंडी पलंग, खिळ्याला टांगलेला आरसा, एक डुगडुगती खुर्ची. न्हाणीघरातला नळ उलटा फिरवला की पाणी येतं, हे लॉजच्या मालकीणबाईंनी बजावून सांगितलं. खिडकीतून नारळाची झाडं, त्यांच्यामागे धक्का, मग नुसता समुद्र. मालकीणबाई तोंडाच्या फटकळ, पण मनानं बऱ्या दिसतात. किल्ली हातात देण्याआधी त्यांनी मला जायचा वार विचारला. बुधवार म्हटलं, तर म्हणाल्या, बुधवार म्हणजे बुधवारच, ठरल्यापेक्षा जास्त इथं राहायचं नाही. मागून दुसरं गिऱ्हाईक यायचं असेल.

धक्क्यावरूनच घरी फोन केला होता. खारूशी पोटभर बोलले. लेकीचं हे लाडाचं नाव मीच ठेवलंय. खारीसारखी गालात घास साठवून बसते म्हणून खारू. तिथं बाकावर एक बाई होती, माझ्याच वयाची, विटका कुर्ता, हातात काहीसुद्धा नाही. उपाशी माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी माझ्या फोनकडे बघत होती. खरं सांगू? बरं वाटलं. जन्मभर मीच दुसऱ्यांचा हेवा करत आले. आज कुणीतरी माझा केला.

मंगळवार

सकाळी वाळूतून अनवाणी चालले, एक शहाळं प्यायले, मग दुसरंही प्यायले, कारण अडवायला कुणी नव्हतं.

दुपारी घरी फोन लावला आणि तोंडाची चव गेली. माझ्या मागं घर सांभाळायला धाकटी बहीण आली आहे. ती आली की घर हसतं. मी असले की घर चालतं. चालणाऱ्या घराकडे कोण बघतं? खारूनं म्हणे मावशीच्या हातची पालेभाजी मागून खाल्ली. माझ्या हातची ती ताटाखाली लपवते. मागं नवराही कशावर तरी खदखदून हसत होता. माझ्यासमोर तो हसतो, पण आधी दार लोटून घेतल्यासारखा, जपून जपून. धाकटीनं मला आराम कर म्हणून सांगितलं, तेही इतक्या गोड आवाजात की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिली ओसरी, पसरले पाय!

संध्याकाळी बाजारातल्या एका दुकानात समुद्राच्या रंगाची ओढणी दिसली. धाकटीसाठीच घेतली. तिचा फोटो दाखवला तर दुकानवाली म्हणाली, बहिणीला फार खुलून दिसेल. तेवढं ऐकलं आणि ठरवून टाकलं, ओढणी मीच वापरणार.

बुधवार, दुपार

मी गेले नाही! चुकून नाही, रागानं.

बोट दिवसातून एकदाच सुटते. वेळेत चढले, खिडकीजवळची जागा पकडली. सुटायच्या आधी घरी कळवावं म्हटलं, तर आत रेंज नाही. मग आपण सगळे करतो तेच केलं. जागेवर बॅग ठेवली, वर ओढणी टाकली आणि खाली उतरले. कालपरवाची ती बाई बाकावर होतीच. तिला म्हटलं, जरा माझ्या जागेकडे लक्ष ठेवा हं, आत्ता आले. ती इतक्या घाईनं हो म्हणाली की मला गंमत वाटली.

फोन धाकटीनं उचलला. खारूला दे म्हटलं, तर ती मावशीकडून वेणी घालून घेत होती, उठेना. आणि मग मागून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला, आई एक दिवस उशिरा आली तरी चालेल, म्हणजे मावशी अजून राहील.

चालेल? बरं! चालू दे! मी फोन बंद केला आणि तिथंच उभी राहिले. भोंगा वाजला, दोर सुटले, मी हलले नाही. कुणाला कळवणारही नाही. पलीकडून रात्रीच्या बसनं मी उद्या सकाळी पोचायची. येऊ दे नवऱ्याला स्टँडवर, बघू दे बस रिकामी होताना. माझ्यावाचून घर कसं अडतं ते एकदा कळू दे. बॅग काय, पलीकडच्या तिकीट खिडकीवर मिळेल. पैसे, फोन, ही वही, सगळं पर्समध्ये आहे.

बोट वळली तेव्हा खिडकीत माझी ओढणी दिसली. कुणाच्या तरी गळ्यात असल्यासारखी. मागं वळून बघितलं तर बाक रिकामा होता.

बुधवार, संध्याकाळ

मालकीणबाईंनी दारातच अडवलं. कोण हवंय म्हणून विचारलं! मी हसले, म्हटलं थट्टा पुरे, अजून एक दिवस राहणार आहे. त्या दारातून हलल्या नाहीत. म्हणाल्या, वरच्या खोलीतल्या बाई तर दुपारीच गेल्या. बोटीतून हात हलवत होत्या, दिसेनाशा होईपर्यंत. फार गोड बाई.

तीन दिवसांत माझ्याबद्दल तो शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. मी नळ उलटा फिरवायचा असतो ते सांगून बघितलं. त्यांनी उसासा टाकला आणि मला मागची, अडगळीशेजारची खोली दिली.

गुरुवार, सकाळ

बस पोचून गेली असणार. फोन उशाशी घेऊन बसले आहे. आता वाजेल. आता नवऱ्याचा जीव खालीवर होत असेल, खारू रडत असेल. रडू दे थोडी. मग मी जवळ घेईन.

वाजत नाही. रेंज आहे. चार्जिंगही आहे.

गुरुवार, दुपार

शेवटी मीच लावला.

नवरा मला अहो-जाहो करून बोलला. आधी आभार मानले. म्हणाला, बायकोचा फोन तिथंच राहिला होता, तुम्हाला सापडला वाटतं, बरं झालं. मी ओरडले, अरे मी आहे, मी! तर त्यानं हसून कुणाला तरी हाक मारली. माझ्या नावानं.

आणि ती आली. माझाच आवाज. पण मी घरात लावते त्यापेक्षा मऊ. तिनं शांतपणे सांगितलं की फोन तुमच्याकडेच राहू द्या, मला नवीन घेतील. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाली की तुम्ही लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना जागेकडे, मी ठेवते आहे.

मागं खारू हसत होती. तोंडात घास असताना हसते तशी.

गुरुवार, संध्याकाळ

धाकटीला फोन केला. लहानपणी एका पांघरुणात झोपलोय आम्ही, ती ओळखेलच. सगळं सांगितलं, मी तिला पायरीवरून ढकललं होतं तेसुद्धा, तिच्या हनुवटीवरच्या टाक्यांसकट.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग रडायला लागली. म्हणाली, ताई आज सकाळी आली आणि मला मिठी मारली. स्वतःच्या गळ्यातली ओढणी काढून मला दिली, म्हणाली तुझ्यासाठीच घेतली होती, तुला खुलून दिसेल. आजवर ताईनं मला असं काही दिलं नव्हतं हो.

नव्हतं हो, म्हणाली. मला. परक्या बाईला म्हणावं तसं.

आणि शेवटी म्हणाली, तुम्ही कोणीही असा. पुन्हा फोन करू नका. घरात सगळे खूश आहेत.

तिनं ओळखलंय. मी सांगते, तिनं ओळखलंय मला.

शुक्रवार

बोटीवर चढू दिलं नाही. नावाडी रागावला नाही, उलट मायेनं बोलला. म्हणाला, बाकावरच्या बाई, तुमची जागा बुधवारी गेली, आता तुमची जागा नाही. मी आत बोट दाखवलं, पाच-सहा जागा रिकाम्या होत्या! प्रत्येकीवर रुमाल, छत्री, पिशवी. राखलेल्या.

बाकावरची बाई म्हणाला मला.

मालकीणबाई बाकाशी येऊन बसल्या. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलल्या. आधी जी इथं बसायची तीही त्यांच्याकडेच उतरली होती, तीही घरच्यांवर रुसून एक दिवस जास्त राहिली. आपली जागा सोडली की दुसरी कुणी तिची सोडेपर्यंत इथंच. आणि जिची जागा घेतली, तिचंच घर मिळतं. मी म्हटलं, मला दुसरीचं घर नको, माझंच हवंय. त्या म्हणाल्या, सगळ्या असंच म्हणतात.

रविवार असावा

खारूनं फोन उचलला. तिनंच! मी म्हटलं, खारू, आई बोलतेय. तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, सोन्या, मी ओरडणार नाही, पालेभाजीसुद्धा देणार नाही, फक्त एकदा आई म्हण —

तिनं स्वयंपाकघरात ओरडून सांगितलं, आई, त्या बाईंचा परत फोन आलाय.

मग फोन बंद. आता लागतच नाही.

वेण्या कोण घालतं तिच्या? तीच. ती घट्ट घालत नसेल. माझ्या घट्ट असायच्या, खारू रडायची. तिचा हात हलका असेल. सगळ्यांचेच हात माझ्यापेक्षा हलके!

पुढच्या दिवशी

बोटीतून एक नवी आली. एकटीच. डोक्यावर गवती टोपी, हसरी. धक्क्यावरच फोन काढला. दोन मुलगे आहेत तिला, दोघांनाही एकदम बोलायचं होतं. सासूबाईही मधेच औषधाचं विचारत होत्या. किती हवी आहे ती सगळ्यांना.

मी बघत होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जरा जास्तच लाडानं बोलायला लागली. तिला बरं वाटलं असणार. मलाही वाटलं होतं.

मालकीणबाईंनी तिला जायचा वार विचारला. मी ऐकला.

सावध करावं का तिला? उद्या करेन.

नंतर

नाही केलं. आज ती फोनवर भांडत होती. धाकटा आजीजवळ झोपायला लागलाय म्हणे, आईची आठवणही काढत नाही. डोळे पुसत होती. वेडी. असं घर असून रडते. मला दे. मला दे म्हणते मी.

तिचा वार

चढली. जागेवर टोपी टाकली. रेंज नाही म्हणून उतरली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, जरा जागेकडे —

हो म्हटलं. लगेच.

ती पाठमोरी आहे. आवाज चढलाय. मी फक्त आत जाऊन बसणार. पलीकडे उतरले की माझ्या घरी जाईन, दार वाजवेन, खारूला उचलून —

बोटीत

टोपी मांडीवर आहे. नावाडी मला हसून नमस्कार करून गेला. भोंगा झाला. ती अजून धक्क्यावर उभी आहे, मुद्दाम उभी आहे, मला माहीत आहे ते उभं राहणं. ये ना गं. अजून दोर सुटले नाहीत. ये.

सुटले.

बरं वाटतंय. वारा आहे. घरी आधी खारूला जवळ — मुलांना जवळ घेईन. थोरला रुसला असेल. धाकट्याला आजीजवळून उचलून — सासूबाईंचं औषध संपलं असेल —

वहीत मागं सगळीकडे खारू लिहिलंय. माझंच अक्षर. मला तर दोन्ही मुलगेच आहेत. मग ही खारू कोणाची —