पिकअपचं नाक

२८ ऑगस्ट

फसली! परत फसली! मिरचीच्या प्लॉटचं शेडनेट समोर दिसत होतं आणि पिकअपची पुढची चाकं काळ्या चिखलात निम्मी आत. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलेलं. मागे टोळीच्या अकरा बायका. सगळ्या उतरल्या, ढकलून थकल्या, साड्या चिखलाने भरल्या. ट्रॅक्टर यायला साडेनऊ वाजले.

मिरचीच्या बियाण्याचं काम सकाळचंच. कळी उमलायच्या आत हाताने उघडायची, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, दोरा बांधायचा. ऊन चढलं की संपलं. आजचा अख्खा दिवस माझ्यामुळे वाया गेला.

सत्यशीला काकू टोळीच्या मुकादम. उतरताना म्हणाल्या, "शीतल, आता एकदा जरी फसली ना, तर आम्ही रामरावच्या जीपनं जाऊ. तुझ्यावर राग न्हाई माय. पण कळी काही थांबत न्हाई."

घरी आप्पांना आधीच कळलं होतं. टेंभुर्णीत माणूस घरी पोचायच्या आत बातमी पोचते. जेवताना एकच वाक्य — "गाडी इकून टाकू. रामराव कवाचा मागून राह्यला."

गुडघ्यामुळे आप्पांना क्लच दाबता येत नाही. कल्याणदादा जूनमध्ये पुण्याला कंपनीत गेला. तेव्हापासून गाडी मी चालवते. लायसन आहे माझं! पण आप्पा एकदाही माझ्या शेजारी बसले नाहीत.

मी ताटावरून उठले. मला ही गाडी पाहिजे. दुसरं काही सुचत नाही.

२९ ऑगस्ट

राजानंदमामांच्या गॅरेजला गेले. ते माझ्या आईचे भाऊ नाहीत, अख्ख्या टेंभुर्णीचे मामा आहेत. गाडीखाली आडवे झाले, तिथूनच बोलले —

"टायर मोठे टाक. पोट वर येईल. पण पुढून गाडी बसकी हाये अन् मागून उचललेली. मोठा टायर वळताना मडगार्डला घासंल. पुढचे पाटे वाढवू, पुढची मागची बराबर करू. मंग बिलकुल झकास बसतील."

मीही वाकून पाटे पाहिले. गाडीचा भार झेलणाऱ्या एकाखाली एक पोलादी पट्ट्या, मोठीखाली लहान. तीन महिने यांच्या जिवावर गाडी चालवतेय आणि आज पहिल्यांदा ओळख झाली!

पैसे कुठून आणणार ते इथे लिहीत नाही. आई वाचते.

२ सप्टेंबर

झालं!! पुढे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. चारही टायर मोठे, जुनेच पण नक्षी खोल. मामांनी शेजारच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि मागच्या हौद्यात ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्ये! गवंडी म्हणाला, "माझ्या भिंतीबी एवढ्या सरळ येत न्हाईत." सगळे हसले. मीच जास्त.

काय दिसतेय गाडी! उंच, ऐटबाज. काही काम नसताना जाफराबादपर्यंत जाऊन आले. रस्त्यात दोन पोरांनी वळून पाहिलं. गाडीकडेच पाहिलं असणार, पण मी आपलं माझ्या खात्यावर धरलं.

आप्पा ओट्यावर होते. गाडीकडे पाहिलं, पान खाल्लं, आत गेले.

३ सप्टेंबर

फजिती. फजिती. फजिती.

पहाटे सव्वापाचला अकरा बायका मागे चढल्या आणि गाडी मागून खाली, पुढून वर! नाक आभाळाकडे. दिवा लावला तर उजेड रस्त्यावर नाहीच, थेट लिंबाच्या शेंड्यावर. कावळे उठले! समोरून येणाऱ्या दूधवाल्याने डोळ्यांवर हात धरून मला जे ऐकवलं ते मी या वहीतही लिहिणार नाही. स्टेअरिंग इतकं हलकं की चाकं जमिनीवर आहेत की नाहीत कळेना. बायका सगळ्या घसरून मागच्या फाळक्यापाशी गोळा. टोळीतल्या साळूबाई आजी खालून ओरडल्या, "शीतल, आपण मिरचीत चाललो का चंद्रावर?"

चिखल सुकलेला होता म्हणून निभावलं. तरी पोचायला अर्धा तास उशीर. काकू हसल्या नाहीत. परत येताना एवढंच बोलल्या — "दोन दिवस बघते." म्हणजे दोनच दिवस.

४ सप्टेंबर

आईने आप्पांना पाणसळीची गोष्ट सांगितली. मुद्दामच सांगितली असणार.

 आप्पा पोट धरून हसायला लागले. "रिकामी मोजली? येडे, कंपनीनं मागून उचललेली काय हौसेनं ठेवली का? भार बसला की ती आपोआप बराबर होती! गाडी काय रिकामी पळवायची असती का?" ठसका लागला, आईने पाणी दिलं, पाणी पिऊन परत हसले.

मला राग आला. लाजही वाटली. पण गुडघ्याचं झाल्यापासून आप्पा असे हसलेच नव्हते. माझ्यावर हसले तरी चालेल. रोज हसावं.

५ सप्टेंबर

काम संपल्यावर गाडी घरी न आणता बायकांसकट सरळ गॅरेजला नेली!

मामांना म्हटलं, मामा, हा माझा भार, आता मोजा. मामांनी डोक्याला हात लावला. आजचं गिऱ्हाईक उद्यावर ढकललं आणि टेप घेऊन बसले. चार चाकं, चार मापं. "कुणी हलू नका!" मामा ओरडले की अकराच्या अकरा श्वास धरून बसायच्या. मग साळूबाई आजी मामा काय करतात ते बघायला एका बाजूला वाकायच्या आणि माप चुकायचं. तीन वेळा चुकलं. शेवटी काकूंनी आजींचा पदर धरून ठेवला.

मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. तोवर बायका खाली उतरून चहा पीत बसल्या, मग परत चढल्या, परत माप. पुढची मागची बराबर! दिव्यांची तोंडं खाली केली. रिकामी असली की गाडीचं नाक आता थोडं खालीच असतं. असू दे. रिकामी असताना कोण बघतंय.

चढायला मात्र उंच झाली. आजींनी घरून लाकडी पाट आणला. "आमच्यासाठीबी एक पाटा वाढवला," म्हणाल्या.

८ सप्टेंबर

पाऊस. दिवसभर पाऊस. टोळीला सुट्टी. उद्या परत तोच चिखल.

९ सप्टेंबर

पहाटे उघडलं. निघालो. ओढ्यापलीकडचा, गाडी फसली होती तोच तुकडा, पाण्याने तुडुंब चाकोऱ्या. मागे अकराजणींनी एकमेकींना घट्ट धरलं. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि पाय हलवला नाही. गाडी घसरली, एकदा आडवी व्हायला बघत होती, मी सावरली. पोट कुठेच टेकलं नाही. आणि पार! पार झालो!!

मागे पत्रा बडवायला लागल्या सगळ्या. कुणीतरी शिट्टी मारली. साठीच्या आजीच असणार. मी गाडी थांबवून स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडले थोडी. थोडीच.

सहाला दहा कमी असताना प्लॉटवर. काकू खाली उतरल्या, खिडकीशी आल्या. वाटलं आता काहीतरी छान बोलतील. म्हणाल्या, "उद्या पाच मिनिटं आधी ये. कळ्या लई आल्यात." त्या क्षणी मला यापेक्षा छान काही ऐकायचंच नव्हतं. उद्या ये म्हणाल्या!

१० सप्टेंबर

संध्याकाळी रामराव आला. आप्पांबरोबर गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायर दाबून पाहिले. "आता तर लईच भारी केली," म्हणाला. मीच माझ्या हाताने गाडी विकण्याजोगी केली की काय!

आप्पा नाही म्हणाले नाहीत. "दोन दिवसांत सांगतो," म्हणाले. मी भाकरी करत होते. दोन करपल्या.

११ सप्टेंबर

आप्पांना विचारायची हिंमत झाली नाही. गाडी धुतली. उगाच दोनदा धुतली.

१२ सप्टेंबर

प्लॉटवरून आले, जेवून जरा पडले. उठले तर दारात संपत पेंटर आणि आप्पा. फाळक्यावर होता तो दादाचा नंबर खरडून काढलेला. विकली! अनवाणीच धावले.

खरडलेल्या जागी पिवळी अक्षरं होती, ओली. 'भाड्याने मिळेल. शीतल भागवत म्हस्के.' खाली माझा मोबाईल नंबर. ज्या माणसाने माझा नंबर कधी मामेभावालाही देऊ दिला नाही, त्याने तो अख्ख्या जाफराबाद रोडला दिला!