नडगीचं हाड

ओकिनो, ३ नोव्हेंबर १९९१

चि. ताएको हिला मासाकिचीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या जाऊबाईने पर्सिमन फळांची टोपली पाठवली आहे. तोकुजीच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी जवळ आले; माझ्या धाकट्या भावाच्या अस्थी घरच्या थडग्यात कधी ठेवायच्या, भिक्षू विचारताहेत. आणि तू म्हणे हाडं तपासायला विद्यापीठात निघालीस! शिशाच्या कारखान्याचे डॉक्टर म्हणाले ना, रक्तात शिसं नव्हतं, मूत्रपिंडं दारूने गेली. माझा मुलगा अजून तिथेच भट्टीवर आहे. पुस्तकं वाचून कोणी डॉक्टर होत नाही, बाई.

लोभ आहेच; तो ताणू नकोस.

तुझा थोरला दीर,
मासाकिची

उराहामा, ७ नोव्हेंबर

ती. भाऊजींना ताएकोचा शि. सा. न. वि. वि.

फळं पोचली. ह्यांच्या फोटोपुढची दोन नाहीशी झाली. आळ ह्यांच्यावरच घातला.

रक्त स्वच्छ होतं, कबूल. भट्टी सोडून सहा वर्षं झाली होती, स्वच्छ का नसावं? वाचनालयातल्या पुस्तकात देहाचे तीन कप्पे काढलेत: रक्त, मांस, हाडं. मधे येण्याजाण्याचे बाण, प्रत्येकाचा वेग वेगळा. शिसं रक्तातून महिन्या-दोन महिन्यांत ओसरतं. हाडात शिरलेलं वर्षानुवर्षं बसतं, तिथून थोडं थोडं झिरपत राहतं. डॉक्टरांनी एकच कप्पा उघडला आणि घर रिकामं म्हणाले. माझंही तसंच. डोळे कोरडे दिसतात, म्हणून लोक म्हणतात, ताएको सावरली.

विद्यापीठातल्या बाई म्हणाल्या, चितेत थोडं शिसं उडालं असेल. आकडा कमीच येईल. कमी तर कमी. नववर्षाला एका पेल्यात लालबुंद होणाऱ्या ह्यांना तुम्हीच हसायचात ना? दारुडा म्हणून मी त्यांना थडग्यात ठेवणार नाही.

स्मशानात आपण दोघांनी रिवाजाप्रमाणे काड्यांनी मिळून नडगीचं हाड उचललं, तेव्हा तुमचा हात थरथरत होता. दुःखाने, असं वाटलं. मागच्या भेटीत चहाचा पेलाही थरथरत होता, भाऊजी. तुम्हीही तीस वर्षं त्याच भट्टीवर.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने विद्यापीठात जाते. लोभ कमी करायचा तर करा, पण तोंडावर भांडून.

आपली,
ताएको

ओकिनो, ११ नोव्हेंबर

चि. ताएकोला आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून चिडलो. बायको म्हणाली, चिडा, पण चहा सांडू नका.

भिक्षूंना सांगितलं, थडगं थांबेल. तपासायला नडगीचा तुकडा दे. गळ्याचं हाड, ज्यात बसलेला बुद्ध दिसतो म्हणतात, ते मात्र घरीच ठेव; ते आईबापांशेजारी जाईल. गुरुवारी ओकिनोच्या स्टेशनवर मी गाडीत चढतो. भांडण वाटेत करू. त्या बाईंना मला एकच विचारायचंय: जिवंत माणसाची नडगी मोजता येते का? आधी माझी. मग पोराची.

लोभ ताणलास. तुटला नाही.

मासाकिची