दुसऱ्या कडव्यातले अण्णा

१४ ऑक्टोबर १९७८, शनिवार
रेकॉर्ड प्लेअरची सुई नेमकी दुसऱ्या कडव्यावरच का उडते? याचं उत्तर मला आज देता येत नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आहे, तेव्हा उद्यापर्यंत येईल.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आळंदीच्या भजनी मंडळाची ही एकच छोटी तबकडी निघाली. बाकी गाणं सगळे मिळून म्हणतात; दुसऱ्या कडव्यात अण्णा एकटे आहेत. ऑगस्टमध्ये त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. आता पाटीवर लिहून बोलतात आणि रोज चहानंतर तबकडी ऐकतात. दसऱ्यापासून सुई त्यांच्यापाशी आली की घसरते आणि थेट शेवटच्या टाळांवर जाते.

१५ ऑक्टोबर
उत्तर आलेलं नाही. आई म्हणते, "खंडेनवमीला मी मशिनीला कुंकू लावलं, तू लगीच फडक्यानं पुसलंस. तवापासनं उडतीया." मी तिला कार्यकारणभाव समजावून सांगितला. "आसंल बाई," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. या घरात विज्ञान मला एकटीलाच पुढे न्यायचं आहे.

१६ ऑक्टोबर
कारण सापडलं. वजन कमी पडतं. सुईच्या दांड्यावर चार आण्याचं नाणं दोऱ्याने बांधलं. उडते, पण उशिरा. प्रगती.

शेजारचे कोंडीराम आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात फिटर आहेत. शिफ्टवरून येताना दारातूनच विचारलं, "काय बीएस्सी, मी बघू का?" सातवी झालेल्या माणसाच्या हाती नाजूक यंत्र देणं बरं नाही. नम्रपणे नको म्हटलं. "बरं. आमी काय, नट आवळणारी माणसं," म्हणाले आणि गेले.

१८ ऑक्टोबर
दोन नाणी. अण्णांचे चार शब्द लागोपाठ ऐकू आले. त्यांनी मान डोलावली. सुईवर काळी भुकटी जमते. म्हणजे खाचा साफ होत आहेत.

१९ ऑक्टोबर
तिसरं नाणं.

२१ ऑक्टोबर
सुई उडत नाही. खात्रीसाठी तेवढंच कडवं दहा वेळा लावलं, एकदाही नाही. आवाज जरा खरखरतो, पण भुकटी संपली की सुधारेल. अण्णांनी पाटीवर लिहिलं, "मी कुठे आहे?" मी म्हटलं, येईल आता.

२२ ऑक्टोबर, रविवार
आईने मला न विचारता कोंडीरामांना बोलावलं. बसायच्या आधीच त्यांनी सुईजवळचा बारका खटका दाखवला. "ह्यात दोन सुया असत्यात. एक जुन्या जाड तबकड्यांची, एक ह्या बारीक खाचांची. खटका उलटा फिरलाय. जाड सुई बारीक खाचेत बसंल कशी? एकट्याच्या चढ्या सुराला खाच लई वळवळती, तिथंच उडती. वर तीन नाणी. नांगरलंय की हो." मग तबकडी उन्हात तिरपी धरून मला दाखवली. दुसऱ्या कडव्याच्या जागी पांढुरका पट्टा आहे.

खटका कधी फिरला, असं त्यांनी विचारलं. "काय की," आई म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. कुंकू तिने खटक्यावरच लावलं होतं. मी जोर लावून पुसलं होतं.

जाताना म्हणाले, "येतो, ताई." बीएस्सी म्हणाले नाहीत.

२३ ऑक्टोबर
खटका सरळ केला. टाळ स्पष्ट येतात. दुसऱ्या कडव्यात नुसती खरखर. तबकडी जुनीच होती, आज ना उद्या झिजलीच असती, असं अण्णांना सांगायचं ठरवलं आहे. शास्त्रीयदृष्ट्या ते खोटं नाही.

२४ ऑक्टोबर
ते सांगितलं नाही. खटका मी फिरवला, नाणीही मीच बांधली, एवढं सांगितलं. अण्णांनी पाटीवर लिहिलं, "ऐकू येतं. लाव."

येत नाही. मी लावली. खरखर सुरू झाली तसे ते डोळे मिटून ओठ हलवू लागले.

आईने सुईच्या दांड्याला पुन्हा कुंकू लावलं आहे. पुसायचं ते फडकं मी चुलीत घातलं.