आईच्या हातचं मत

मार्लो, मिसिसिपी
१९ जानेवारी २००३

ती. अर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला कोट आईला पोचला. रंग म्हाताऱ्यांचा आहे म्हणाली आणि लगेच अंगात घालून चर्चला गेली. तेव्हा आवडला असं समज.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन स्वयंपाकघरात आहे. आईचे डोळे गेले तरी कान शाबूत आहेत, उलट दुप्पट तिखट झालेत. डोळ्यांचं सांगतो. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, आणि गेलेली नजर परत येणार नाही. तिला दार दिसतं, माणूस दिसतो, पण अक्षर अजिबात दिसत नाही. काउंटीचा पेपर दर गुरुवारी मीच तिला वाचून दाखवतो.

आता खरं दुखणं. काल जेवताना आई सहज म्हणाली, ऑगस्टच्या मतदानाला तू माझ्याबरोबर आत ये, मतपत्रिका मला वाचून दाखव आणि मी सांगेन तिथं खूण कर. तुला ठाऊकच आहे, आजवर मी तिला मतदान असतं त्या अग्निशमन ठाण्यापर्यंत नेतो आणि बाहेर ट्रकमध्ये बसून राहतो. ती हॅट आणि पांढरे हातमोजे घालून आत जाते, बाहेर आल्यावर विचारते, तू दिलंस का? आणि मी म्हणतो, सकाळीच कामावर जाताना दिलं. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. आता आत गेलो तर टेबलावरची बाई आईच्या समोर मतदारांची वही उघडणार, आणि त्या वहीत माझं नाव नाही.

आपले आमदार डिलर्ड यांना मी चर्चबाहेर गाठलं. ते म्हणाले, चोरीत शिक्षा झालेल्याचं मत या राज्यात जन्मभरासाठी जातं, ते परत मिळवायला एकच वाट. तुझ्या एकट्याच्या नावाचं विधेयक मांडावं लागेल, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळायला हवीत. ताई, एक माणूस मत देऊ शकावा म्हणून अख्खा कायदा करायचा, आणि त्यात माझं नाव, गाव, गुन्हा, साल सगळं छापायचं! मी विचार करतो म्हणालो. तेव्हापासून झोप नाही.

काउंटीचे रस्ते-पूल बघायच्या जागेसाठी आई यंदाही हॉब्सनलाच मत देणार. स्मशानाच्या रस्त्यावर त्यानं खडी टाकली म्हणून. आमच्या बाजूचा पूल कोसळायला आलाय त्याचं काही नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
थर्मन

•

शिकागो
२ फेब्रुवारी २००३

चि. थर्मन यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दाराची कडी लावून बसले. वय बावन्न, नातवंडं झाली, तरी कडी लावली. यावरून काय ते समज.

बाबा रे, आपल्या घरात नाव छापून आलं की काय होतं हे तू विसरलास का? तू नऊ वर्षांचा होतास, पण मी तेरा वर्षांची होते, मला सगळं आठवतंय. काळ्यांनी मत देणं गोऱ्यांना खपत नव्हतं त्या दिवसांत आईनं मतदार म्हणून नाव नोंदवायला अर्ज केला, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे अर्जदारांची नावं पेपरात छापली. शाळेच्या स्वयंपाकघरातून तिला त्याच आठवड्यात काढलं. मग एका रात्री गोऱ्यांची गाडी आली आणि घरावर गोळ्या झाडत गेली. आपण दोघं पलंगाखाली, तुझं तोंड मी हातानं दाबून धरलेलं, आणि वर भिंतीचा गिलावा पडत होता. आपले वडील बंदूक घेऊन दाराशी बसले होते आणि त्यांचे गुडघे थरथरत होते. मला मोठ्या माणसाचे गुडघे थरथरलेले पाहून जेवढी भीती वाटली तेवढी गोळ्यांची वाटली नाही.

आता तसे दिवस नाहीत, असं तू म्हणशील. नसतील. पण तू चर्चमध्ये डीकन आहेस, दानाची थाळी तुझ्या हातात असते. पेपरात आलं की थर्मन गेटवुडनं समुद्रकाठच्या गोदीतून तांब्याची तार चोरली आणि तुरुंगात गेला, की चर्चमधली सिस्टर पर्ली तुझ्या थाळीत पैसे टाकील का? आणि आई? तू तुरुंगात होतास तेव्हा माझ्याकडे शिकागोत पोलादाच्या कारखान्यात आहेस असं तिला वाटत होतं. तुझी तुरुंगातली पत्रं मी इथून नव्या पाकिटात घालून पाठवत होते. त्या खोट्यात माझा हात तुझ्याइतकाच बुडालाय. जिनं मतासाठी नोकरी घालवली, तिच्या पोरानं ते मत तांब्याच्या तारेपायी घालवलं, हे तिला या वयात कळायला हवं का?

गुडघा दुखतो म्हण, ताप आला म्हण, सिस्टर पर्लीला तिच्याबरोबर आत पाठव. ती बाई तशीही दुसऱ्याच्या घरात डोकावायला टपलेलीच असते. पण विधेयक नको. मी हात जोडते.

माझ्या आशीर्वादावर भरवसा ठेव आणि या वेळी तरी मोठ्या बहिणीचं ऐक.

तुझी,
अर्लीन

•

मार्लो
९ मार्च २००३

ती. अर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. आधी रागावून घे, मग पुढं वाच.

सिस्टर पर्लीला पाठवायचं मी आईपुढं काढून पाहिलं. आई म्हणाली, माझं मत कोणाला जातं हे मी तुझ्या बापालाही कधी सांगितलं नाही, त्या पर्लीला सांगू? पोटच्या पोराशिवाय कोणी आत येणार नाही. विषय संपला. मी रात्रभर कुशी बदलल्या आणि सकाळी डिलर्डना हो म्हणून आलो.

माशांच्या तळ्यावरच्या कामाला सुट्टी टाकून राजधानीत जॅक्सनला गेलो होतो, विधानभवनात, वर प्रेक्षकांच्या सज्जात. एकटाच. कोर्टात उभा होतो तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती, कारण तेव्हा अक्कल नव्हती. आमच्यासारख्यांची विधेयकं एकापाठोपाठ एक घेतात. कारकुनानं माझं नाव वाचलं, मधल्या नावासकट. मग चोरी, मग साल. खाली कोणी सँडविच खात होतं, कोणी हसत होतं. माझ्यावर हसत नव्हते, त्यांचं आपलं काहीतरी चाललं होतं. तरी माझे कान तापले. पाणी प्यायला उठावंसं वाटलं, पण उठलो तर सगळे म्हणतील हाच तो, म्हणून बसून राहिलो.

खालच्या सभागृहात मंजूर झालं. आता सिनेट. डिलर्ड म्हणाले, तिथं समितीतच पुष्कळ विधेयकं मरतात, कारण कोणी सांगत नाही. आणि जाता जाता हेही म्हणाले की आपल्या साप्ताहिकात जिल्ह्यातल्या विधेयकांची यादी येते. म्हणजे तुझीच भीती खरी ठरली. येताना दोनदा गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो.

घरी आलो तर आईनं चवळी शिजवून ठेवली होती. उशीर का झाला, तिनं विचारलं. तळ्यातला पंप बिघडला म्हणालो. आणखी एक खोटं. सवयीनं आता ती आपोआप बाहेर पडतात.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
थर्मन

•

शिकागो
१६ मार्च २००३

चि. थर्मन यास आशीर्वाद.

राग नंतर काढीन. आधी कामाचं ऐक.

पेपर गुरुवारी येतो ना? तो अंक घरात येऊच देऊ नकोस. पेटीतून काढ आणि ट्रकच्या सीटखाली टाक. आईनं विचारलं तर आज पेपर आलाच नाही म्हणून सांग. तिला दिसत नाही, वाचून दाखवणारा तूच. सिस्टर पर्लीला पेपर वाचायची हौस नाही, ती फक्त मयताच्या बातम्या बघते. एक गुरुवार निभला की निभला.

मला इथं फोन वाजला तरी दचकायला होतं. परवा दुकानात एक म्हातारी पाठमोरी उभी होती, आईसारखी हॅट. मी सामान टाकून बाहेर आले. वेडेपणा आहे, कळतंय मला.

जपून राहा. हे पत्र जाळ.

तुझी,
अर्लीन

•

मार्लो
१३ एप्रिल २००३

ती. अर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

आईला कळलं. आणि कळलं ते आपल्या हुशारीमुळेच.

सांगितलंस तसं केलं. अंक सीटखाली टाकला आणि आत जाऊन म्हणालो, आज पेपर आला नाही. आई घेवडे सोलत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, या घरात पेपर यायचा राहिला तो एकदाच, त्रेसष्ट साली. तुझ्या बापानं तो मक्याच्या पिठाच्या डब्यात लपवला होता, माझं नाव होतं म्हणून. आता कोणाचं नाव आलंय?

ती भिंतीला धरत धरत फोनपाशी गेली आणि सिस्टर पर्लीला म्हणाली, पेपर घे आणि पहिल्या पानापासून वाच. माझ्यासमोर, ताई. मी तिथंच उभा. पलीकडून पर्लीचा आवाज येत होता, बाजारभाव, लग्नं, मग यादी. मग तो आवाज थांबला. आई म्हणाली, थांबू नकोस, पुढं वाच.

ऐकून झाल्यावर तिनं रिसीव्हर ठेवला आणि घेवडे सोलायला बसली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते, झाकते, आपल्या खोलीत जाते. एकदाच बोलली. विचारलं, ती शिकागोची पत्रं तुरुंगातली का? मी हो म्हणालो. म्हणाली, मी ती बायबलमध्ये ठेवली आहेत.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी थाळी माझ्याच हाती दिली. दोन बाकांवर लोकांनी माझ्याकडे न बघता पैसे टाकले. बाकीच्यांनी बघितलं. ते सोसलं मी. घरातली शांतता मात्र सोसत नाही.

आणि विधेयक मेलं. सिनेटच्या समितीतच. कारण कोणी सांगितलं नाही. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

तुझा लोभ तेवढा शिल्लक आहे असं धरून चालतो.

थर्मन

•

शिकागो
११ मे २००३

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आज मातृदिन. फुलं पाठवली आहेत, ती फेकू नकोस, महाग पडली.

हे पत्र तुला थर्मनच वाचून दाखवणार, म्हणून त्याच्याही तोंडून निघू दे. पाकिटं मी बदलली. पेपर लपवायलाही मीच सांगितलं. त्याला एकट्याला शिक्षा करू नकोस, ती त्यानं भोगली आहे. मी भ्याले, आई. पलंगाखाली जी भ्याले ती अजून तिथंच आहे. म्हणून तर बत्तीस वर्षांत गावी चार वेळा आले, आणि तेही मयतालाच.

तुझ्यासारखं धैर्य आम्हा दोघांत उतरलं नाही. उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन.

तुझ्या पायाशी असलेली,
अर्लीन

•

मार्लो
६ ऑगस्ट २००३

ती. अर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

काल मतदान झालं. बसून वाच.

तुझं पत्र मी मे महिन्यात तिला वाचून दाखवलं होतं, ती हुं म्हणाली आणि उठून गेली. तेव्हापासून मीठ आण, दिवा लाव, एवढंच बोलणं. मला वाटलं, मतदानाला पर्लीबरोबर जाईल. तर काल सकाळी हॅट आणि हातमोजे घालून ओसरीवर उभी. म्हणाली, ट्रक काढ, आणि आज बाहेर बसायचं नाही.

अग्निशमन ठाण्यात पोचलो. आत शेरीफचा माणूस उभा होता. टेबलावर मिस ओला. आईनं आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, मोठ्यानं वाच, मला ऐकायला आवडतं. मिस ओलानं वाचलं. मग सवयीनं माझ्याकडे वळून वहीचं पान उलटायला लागली. सगळी रांग बघत होती. मी म्हणणार होतो की गुडघा दुखतोय, बाहेर थांबतो. शप्पथ, तोंडात आलंच होतं.

आई म्हणाली, “त्याचं नाव तुझ्या वहीत नाही, ओला. ते जॅक्सनला वाचून झालंय. आज तो माझे डोळे म्हणून आलाय.”

शेरीफच्या माणसानं आम्हाला वाट दिली.

आडोशाला मी तिला नावं वाचून दाखवली. एकेक सांगत गेली, मी खूण करत गेलो. कोणी येऊन दंड धरील, मला पुन्हा नेतील, हेच डोक्यात. शेवटी हॉब्सनचं नाव आलं, त्याच्याविरुद्ध उभी असलेली शाळेतली एक मास्तरीण. आई माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, तुला कोण हवंय? मी म्हणालो, आई, मत तुझं आहे. ती म्हणाली, माझं आहे म्हणूनच विचारतेय.

मी मास्तरणीचं नाव घेतलं.

“कर खूण,” ती म्हणाली. “उसनं देतेय. पुढं तुझं आण आणि फेड.”

ताई, मी माणसांत रडलो. शेरीफच्या माणसासमोर रडलो.

परत येताना ती पुलावर बोलली. म्हणाली, चोरीचं दुःख झालं, पण तुम्ही दोघं मला इतकी शूर समजलात की खरं सांगायला घाबरलात, त्याचं जास्त झालं. मी शूर नव्हते, म्हणाली. त्रेसष्टमध्ये अर्ज लिहिताना मला मुतायला झालं होतं, पण उठले असते तर परत बसले नसते.

हॉब्सन दणदणीत निवडून आला. आज सकाळपासून मला टोमणे चालू आहेत की माझं चांगलं मत पाण्यात घातलंस. आणि पुलावरून ट्रक नेताना हळू घे म्हणते, तो काही आता दुरुस्त व्हायचा नाही.

डिलर्डना मी आजच सांगून आलो, जानेवारीत पुन्हा मांडा. नाव पुन्हा वाचलं जाईल, पुन्हा छापून येईल. भीती गेलेली नाही, पोटात आहे तशी आहे. आई या वेळी सज्जात येऊन बसणार म्हणते. तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तू, असं तिनं ठरवून टाकलंय. तुझी खाट पुढच्या खोलीत घातली आहे आणि पलंगाखाली जागा नाही, तिथं तिनं भोपळे भरलेत, हे मुद्दाम लिही म्हणाली.

लोभ आहे, त्याचा हिशेब समोरासमोर करू. सही तिला तिचीच करायची होती. ओळ सोडून वर गेली आहे, पण नाव पूर्ण आहे.

थर्मन

रोझेटा मे गेटवुड