झिपरीचा तुरा

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे शब्दापुरतंच. दिवसभर लोकांच्या मानेमागे उभं राहिल्यावर संध्याकाळी मी वाकलो, तर मला सरळ करायला दोघं लागतात.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुझे गुडघे, माझी आतेबहीण आणि नवी नात यांची खुशाली कळली. नातीला जन्मतःच मानेपर्यंत जावळ आहे हे वाचून माझ्यासारख्या केशकर्तनालयवाल्याला किती बरं वाटलं असेल, ते तुला सांगायला नको. येत्या रविवारी घरी परतताना झिपरीला न्यायला येतेस असंही लिहिलंयस. अवश्य ये. तिचे स्वेटर आणि बाटल्या बांधून ठेवतो. पण त्याआधी ती इथे कशी राहिली ते तुझ्या कानावर घालायला हवं, कारण तू आल्यावर गल्लीतले लोक तुला सांगणारच, आणि ते तिखटमीठ लावून सांगतील.

पहिली गोष्ट म्हणजे आत्या, तू आम्हाला तोंडघशी पाडलंस. लेकीच्या बाळंतपणाला जाताना टॅक्सी चालू ठेवून शालीतलं गाठोडं माझ्या हातात दिलंस, उन्हात नेऊ नको, गारठ्यात उघडी ठेवू नको, अंगाला रोज लावत जा, एवढं खिडकीतून सांगितलंस आणि निघालीस. काय लावायचं ते टॅक्सीबरोबर गेलं. (शाळेत मुख्याध्यापिका असताना मुलांनी अर्धं उत्तर लिहिलं की तू शून्य द्यायचीस, याची आठवण फक्त करून देतो.) तू कुत्री आणलीस हे फोनवर ऐकलं होतं, पण झिपरी हे नाव ऐकून आम्ही आपले डोळ्यांवर केस आलेलं, लोकरीच्या गुंडाळीएवढं काहीतरी मनाशी धरून बसलो होतो. शाल उघडली तर आत राखाडी, गुळगुळीत, उघडंबोडकं अंग. टाळूवर तेवढा पांढरा तुरा आणि शेपटीच्या टोकाला चार केस. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तुझ्या भाचेसुनेने रिकामी शाल झटकून बघितली आणि विचारलं, "हिचं उरलेलं कुठंय?"

त्याच दुपारी दुसरा घोळ झाला. तुझ्या भाचेसुनेने धीर करून झिपरीच्या पाठीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. अंग नुसतं तापलेलं. मीही हात लावला, मलाही तेच वाटलं. बाई तापाने फणफणलीय, आत्या परत आल्यावर काय तोंड दाखवायचं, म्हणून आम्ही तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवायला लागलो. घडी ठेवली की ती खाली उतरायची आणि आमच्याकडे, माणसं बरी आहेत ना, अशा नजरेने बघायची. शेवटी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, झिपरीला टॉवेलात गुंडाळून मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्यांनी थर्मामीटर लावला, आम्ही केलेले उपचार ऐकले आणि हसता हसता त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. ताप नाही, काही नाही. इतर कुत्र्यांची ऊब केसांत अडकते, हिच्या अंगावर केस नाहीत म्हणून ती थेट आपल्या हाताला लागते, एवढंच. ही जातच अशी, हा रोग नव्हे. दातही हिला जन्मापासून कमीच, तेव्हा कडक हाडं देऊ नका, मऊ खायला द्या, असंही त्यांनी सांगितलं. परत आलो तर गिऱ्हाईक गालावरचा वाळलेला साबण घेऊन खुर्चीत झोपलं होतं.

आता 'अंगाला लावत जा'. तूच सांग, न्हाव्याच्या घरात अंगाला लावायचं म्हटल्यावर काय लावतील? मी बाटली उघडली आणि पिढीजात हाताने डोक्यापासून शेपटीपर्यंत अशी तेलमालीश केली की झिपरी टेबलावरून घसरून थेट कपड्यांच्या टोपलीत गेली. तिला ते फार आवडलं, म्हणून रोज दोनदा. अति तिथे माती. आठवड्याभरात तिच्या पाठीवर वयात आलेल्या पोरासारखी मुरुमं उठली. मी त्यांवर तुरटी फिरवायला घेतली, तेव्हा मात्र तुझ्या भाचेसुनेने माझा हात धरला आणि आमची वरात पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे. या वेळी त्या हसल्या नाहीत. तेलाने हिच्या कातडीची भोकं बुजतात, असं त्यांनी मला अगदी सावकाश, पहिलीच्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. बिनवासाचं पातळ क्रीम, तेही हलक्या हाताने, अगदी थोडं. सौम्य साबणाने आठवड्यातून एकदा आंघोळ. बाहेर पडताना उन्हाचं मलम, गारठ्यात स्वेटर. थोडक्यात काय, माझ्या दुकानात येणाऱ्या कुठल्याही माणसापेक्षा हिचे नखरे जास्त, आणि कापायला केस नाहीत.

त्यानंतर दुकानाची अब्रू जायची वेळ आली. झिपरीला माणसं बघायला आवडतात (ही सवय तुझीच), म्हणून ती दर्शनी काचेमागे सावली धरून बसायला लागली. रस्त्यावरची माणसं आधी तिच्याकडे बघायची, मग वरच्या पाटीकडे, मग माझ्या हातातल्या कात्रीकडे, आणि पुढे चालू लागायची. एक नेहमीचं गिऱ्हाईक 'थोडेच कमी करा' म्हणून बसलं, आरशात त्याला झिपरी दिसली आणि अंगावरच्या चादरीसकट ते उठून गेलं. मग मी काचेवर कागद लावला, 'ही जन्मापासून अशीच आहे. आम्ही काही केलेलं नाही.' त्याने संशय जास्तच वाढला. भीक नको पण कुत्रं आवर ही म्हण कुणा दुकानदारानेच काढली असणार. मात्र एक माणूस उलट आत आला, तो आमचा पोस्टमन. इतक्या वर्षांत मी त्याला टोपीशिवाय पाहिलेला नव्हता. तो झिपरीसमोर उकिडवा बसला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच टोपी काढली. खाली तिच्यासारखंच, कानांच्या वर तेवढी झालर. तेव्हापासून तो पत्रं असोत नसोत, रोज येतो, आणि टोपी दारातल्या खुंटीला लावतो.

हे सगळं तुला हसू यावं म्हणून लिहिलं. पुढचं तसं नाही.

बाबांनी दुकानातलं काम का सोडलं ते तुला माहीतच आहे. हात थरथरायला लागला, एकाच्या कानाला वस्तरा लागला, आणि त्यांनी सगळी हत्यारं पुसून कपाटात ठेवून दिली. ओरडले नाहीत, काही नाही. वरच्या खोलीत गेले ते जिना उतरलेच नाहीत. त्यांची खिडकीजवळची खुर्ची मी रोज पुसतो, पण तिच्यात गिऱ्हाइकाला बसवायला मला होत नाही. जेवायला बोलावलं की येतो म्हणायचे आणि ताट वर न्यावं लागायचं. तुला फोनवर 'मी मजेत' सांगायचे ते खोटं होतं आत्या. मला फार काळजी वाटायची, आणि कुणाला बोलून दाखवता येत नव्हतं.

मुरुमांच्या प्रकरणानंतर क्रीम लावायचं काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं. तुझी भाचेसून एका हाताने भांडी आणि एका हाताने झिपरी सांभाळत होती. एका सकाळी झिपरी अर्ध्या क्रीममध्ये निसटली ती जिना चढून वर. आम्ही मागे धावलो तर ती बाबांच्या मांडीवर, आणि बाबा उरलेलं क्रीम तिच्या पाठीवर पसरवताहेत. हात थरथरतच होता, पण क्रीम लावायला थरथरणारा हात चालतो. उलट छान पसरतं. झिपरीने डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हाक मारून विचारलं, की ती अजून वर कशी आली नाही. तिसऱ्या दिवशी ती येत नाही असं बघून (मी तिला मुद्दाम खाली धरून ठेवलं होतं) जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. मी त्या वेळी एकाची मान साफ करत होतो. वर बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर त्या माणसाची मान माझ्या डोळ्यांतल्या पाण्याने साफ झाली असती.

आता कबुलीजबाब. बाबा खाली यायला लागले, खुर्चीत झिपरीला घेऊन बसायला लागले, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या तुऱ्याकडे गेलं. 'हा एका बाजूला वाढलाय,' म्हणाले. मी काही म्हणायच्या आत कपाट उघडलं. लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर टाकायची फळी टाकली, तिच्यावर झिपरीला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. मी, गिऱ्हाईक, पोस्टमन, सगळे हातातलं सोडून खुर्चीभोवती उभे. झिपरी मात्र जन्मभर कटिंगला येत असल्यासारखी ताठ बसली. कात्री डावीकडे जास्त गेली, म्हणून उजवीकडे बरोबर करायला घेतली, तर ती जास्त गेली, मग पुन्हा डावीकडे. तुझ्या झिपरीचा तो मानेवर रुळणारा तुरा आता दात घासायच्या ब्रशासारखा उभा आहे, आणि तोही तिरका. पण झाल्यावर बाबांनी सवयीने हातआरसा घेतला आणि तिला मागून दाखवला. झिपरीने बघितलं आणि जांभई दिली. बाबा इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग पोस्टमन फळी काढून खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आता माझी झालर. तिच्याएवढीच ठेवा."

तर रविवारी तुरा बघून रागावू नकोस. रागवायचंच असेल तर माझ्यावर. बाकी सर्व क्षेम. आतेबहिणीस आशीर्वाद, बाळास अनेक पापे.

तुझा भाचा

ता. क. तिचं सामान बांधून ठेवतो असं वर लिहिलं, ते जमलं नाही. प्रत्येक वेळी बांधलेलं कुणीतरी सोडून ठेवतं. (तुझी भाचेसून म्हणते, मी नव्हे. तिने झिपरीसाठी माझ्या मफलरचे स्वेटर विणलेत, त्यामुळे तिच्या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही.) आत्या, झिपरीला नेऊ नकोस. तूही त्या घरात एकटीच, तिच्यावाचून तुला करमणार नाही, हे न कळण्याइतका मी आपमतलबी नाही. म्हणून रविवारी तूच तुझी ट्रंक घेऊन ये. बाबांच्या शेजारची खोली आम्ही झाडून ठेवलीय. तुम्ही दोघं भांडाल, ते भांडण ऐकायची आमची तयारी आहे.

ता. क. (वेगळ्या अक्षरात) ठमे, अक्षर वाकडं आहे, समजून घे. पोराने स्वतःची हौस माझ्या नावावर खपवलीय. दुपारी ती त्याच्याच पोटावर झोपते. मी काही कुणाला अडवलेलं नाही. कुत्री तुझी, न्यायची तर ने. ट्रंकेचंही तू तुझं ठरव. फक्त तो तुरा लवकर वाढतो. तो दुसऱ्या कुणाकडून कापून घेऊ नकोस.